मदत हवी आहे: जुन्या पद्मिनीचा पेट्रोलचा काटा खोटं बोलतोय

राम राम मंडळी. वडिलांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी गाडी आहे, बीडला. पेट्रोलचा काटा नेहमीच कमी दाखवतो. टाकी गच्च भरली तरी अर्ध्यावर, आणि हेडलाइट लावले की आणखी थोडा खाली. ‘शून्यावर आला तरी आठ-दहा लिटर असतंच’ ही सवय लागली, अन् परवा गेवराईहून येताना पाडळसिंगीच्या अलीकडं गाडी बंद पडली. नेमका त्याच दिवशी काटा खरा होता! भर उन्हात कॅन घेऊन दोन किलोमीटर पायपीट झाली.

आमच्या मिस्त्रीचं एकच, मीटर बदला. मला पटेना. टाकीवरची वायर काढून बॉडीला टेकवली, तर काटा सरळ फुलवर गेला. म्हणजे मीटर अन् वायर ठीक असावी. मग फ्लोट, म्हणजे टाकीत पेट्रोलवर तरंगणारी, दांडीला लावलेली डबी, बाहेर काढला. पितळी डबी कानाशी हलवली तर आत खळखळ वाजतंय, पेट्रोल शिरलंय. मल्टिमीटर लावून दांडी वर-खाली केली, तर मधेच आकडा उडी मारतो, म्हणजे दांडी जिच्यावर सरकते ती तारेची कॉइल झिजली असावी.

आता विचारायचं असं: डबीला डाग देऊन चालेल का? आत पेट्रोलची वाफ असताना तापवायची भीती वाटते, आधी काय करावं? झिजलेली कॉइल कुणी भरून देतं का, संभाजीनगर किंवा जालन्यात? आणि हेडलाइटचा परिणाम म्हणजे अर्थिंगचा वेगळा घोळ समजायचा का? टाकीपासून बॉडीला जादा अर्थची वायर ओढली तर चालेल?

तोवर डिकीत पाच लिटरच्या कॅनऐवजी काठी ठेवलीय, टाकीत बुडवून बघायला.