५७ वरून ८: लिबरल डेमोक्रॅट्सना नुसती फीच नडली का?

प्रश्न: २०१० मध्ये ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट्सकडे ५७ जागा होत्या. हुजूर पक्षासोबत पाच वर्षं सत्तेत बसले आणि २०१५ ला उरल्या ८. जो तो विद्यापीठाच्या फीकडे बोट दाखवतो. मला नाही पटत. तेवढ्याने एवढा धुव्वा उडतो?

प्रतिसाद १: उडतो की! फीवाढीविरुद्ध मत देऊ, असं सह्या करून दिलं होतं त्यांनी. २०१० च्याच डिसेंबरात कमाल फी जवळपास तिप्पट, ९,००० पौंड. त्यांचे २७ खासदार बाजूने, २१ विरोधात. पक्षाचे तेव्हाचे नेते निक क्लेगनी २०१२ मध्ये माफी मागितली, म्हणजे वरातीमागून घोडं.

प्रतिसाद २: फीचं खरंय, पण हिशेब बघा. गेलेल्या ४९ पैकी २७ जागा मित्रपक्षानेच गिळल्या. मजूर पक्षाला १२, स्कॉटिश राष्ट्रवाद्यांना १०. नैऋत्य इंग्लंड म्हणजे यांचा बालेकिल्ला, तिथे एकही उरली नाही. डावीकडचे मतदार रुसले आणि हुजूर उमेदवार आयता निवडून आला.

प्रश्नकर्ता: मग सत्तेत जाऊन कमावलं काय? मतदानपद्धत बदलण्याचं सार्वमतही २०११ ला हरलेच.

प्रतिसाद २: १०,००० पौंडांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं, हे मूळ यांच्या जाहीरनाम्यातलं. श्रेय मात्र तेव्हाचे अर्थमंत्री ऑस्बर्न यांच्या हुजूर पक्षाने खिशात घातलं.