मदत हवी आहे: डिगबोईच्या जुन्या टोपोशीटचं साल आणि जिओरेफरन्सिंग

मंडळी, जुन्या टोपोशीटवर (जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या तपशीलवार नकाशावर) काम केलेलं इथे कुणी आहे का? आसाममधल्या डिगबोईचा, एक इंचाला एक मैल या प्रमाणाचा सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा स्कॅन होऊन माझ्या हाती आलाय. शीट ८३ एम/११. तळाची पट्टी फाटून गेली आहे, त्यामुळे सर्वेक्षण कधीचं, आवृत्ती कधीची, काहीच कळत नाही.

बाकी नकाशा फार देखणा आहे. तपकिरी कंटूर (समान उंचीच्या रेषा) पन्नास-पन्नास फुटांवर, आणि टेकड्यांच्या माथ्याने तेलविहिरींची ओळ. इथलं तेल भूस्तरांच्या वर उचललेल्या घडीत साठलंय, म्हणून ही रांग पाहताना खालचा खडकही डोळ्यांपुढे येतो. १८८९ मध्ये इथे पहिली विहीर खोदायला घेतली, १९०१ मध्ये रिफायनरी सुरू झाली. त्या काळापासूनच्या ज्या विहिरी बंद झाल्या, त्या मला आजच्या उपग्रहचित्रावर बसवायच्या आहेत. झाडीत त्यांचा माग काढायला असा नकाशा हाच मोठा आधार.

साल ठरवायला मी लेडो रोड, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात लेडोहून ब्रह्मदेशाकडे काढलेला रस्ता, शोधला, कारण त्याचं काम १९४२ च्या अखेरीस सुरू झालं. नकाशावर तो नाही. पण लेडो या शीटच्या अगदी पूर्व कडेला येतं आणि रस्ता तिथून पुढे पूर्वेकडेच जातो, तेव्हा एवढ्यावरून १९४२ आधीचा म्हणायला मन धजत नाही. नकाशाभर जांभळ्या रेषांचा हजार यार्डांचा ग्रिड (चौकटींची जाळी) छापलाय. त्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो का?

दुसरी अडचण जिओरेफरन्सिंगची, म्हणजे स्कॅन केलेला नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या जागेवर बसवण्याची. चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश थेट डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं ती संदर्भप्रणाली) म्हणून दिले, तर डिगबोई स्टेशन खऱ्या जागेच्या पूर्वेला तीनशे मीटरहून जास्त सरकतं. एव्हरेस्ट गोलाभावरचा (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिरूपावरचा) नकाशा, त्यामुळे फरक पडणारच. पण त्या गोलाभावरच्या संदर्भप्रणालींपैकी कालियानपूर १९३७ घ्यावं की १९७५? विहिरी एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की पन्नास मीटरची चूकही दुसऱ्याच विहिरीवर नेऊन सोडेल. रेल्वेचे पूल आणि स्टेशनं धरून नंतर थोडं सरकवणं कितपत विश्वासाचं?

टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहातले अमेरिकन लष्कराचे यू५०२ मालिकेचे नकाशे पाहिले, पण अडीच लाखाला एक या प्रमाणावर एकेक विहीर ओळखणं अशक्य. याच शीटची तळाची पट्टी शाबूत असलेली प्रत कुणी पाहिली असेल, तर कुठे ते जरूर सांगा. निदान त्या पट्टीचा फोटो मिळाला तरी माझं काम पुढे सरकेल.