ओझोनच्या थरातलं भोक अंटार्क्टिकावरच का?
'सीएफसी (फ्रीज-स्प्रेमधले क्लोरीन असलेले वायू) हवेपेक्षा जड, मग ते इतके वर जातीलच कसे? आणि फ्रीज-स्प्रे वापरले उत्तर गोलार्धाने, तर भोक दक्षिण टोकाला का?' हा प्रश्न रास्त आहे, पण त्यावरून 'सीएफसींमुळे ओझोन घटतो' हे सगळं थोतांड ठरवणं पटलं नाही. वारे हवा इतकी घुसळतात की जड-हलकं असा फरक तिथे उरतच नाही. आर्गॉनही जडच, तो काय जमिनीलगत साचून बसलाय? सीएफसी तर वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे जगभर पसरायला त्यांना भरपूर वेळ मिळतो.

आता अंटार्क्टिका. तिथल्या हिवाळ्यात वरची हवा उणे ७८ अंशांच्याही खाली जाते, एरवी कोरड्या असलेल्या त्या थरात ढग तयार होतात आणि त्यांच्या कणांवर सीएफसींमधून आलेलं क्लोरीन निष्क्रिय संयुगांतून सुटं होतं. सप्टेंबरच्या सुमारास ऊन परतलं की ओझोनचा फडशा सुरू. हे कोणी नुसतं कागदावर मांडलेलं नाही. १९८७ मध्ये चिलीतल्या पुंता अरेनासहून नासाचं ईआर-२ विमान थेट त्या भोकात शिरलं. एकटा वैमानिक, खाली बर्फाळ खंड, आणि पंखाखाली क्लोरीन मोनॉक्साइड (क्लोरीन ओझोनला फोडतं तेव्हा तयार होणारं संयुग) मोजणारं यंत्र. त्याचा आलेख जरूर शोधून पाहा: क्लोरीन मोनॉक्साइडची रेघ जिथे वर उसळते नेमकी तिथेच ओझोनची खाली कोसळते, बारीकसारीक खाचखळग्यांसकट. ती उड्डाणं चालू असतानाच, १६ सप्टेंबरला, सीएफसींवर बंधनं घालणाऱ्या माँट्रियल करारावर सह्या झाल्या.