एफटीझेडचं वर्षअखेरचं रिकन्सिलिएशन कस्टम्सकडे पाठवणं सक्तीचं करावं का?

बायूकाठचा (ह्यूस्टन)

मार्च आला की आमच्या लाइनमधे सगळ्यांची एकच धावपळ असते म्हणून विषय काढतोय, आणि माझं मत आधीच सांगून टाकतो, सक्ती करायला हवी.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतला फॉरेन ट्रेड झोन (एफटीझेड) म्हणजे अशी जागा जिथे बाहेरून आलेला माल ड्युटी न भरता ठेवता येतो, परवानगी असेल तर त्यावर उत्पादनही करता येतं, माल देशातल्या बाजारात निघाला की मग ड्युटी भरायची आणि परस्पर एक्स्पोर्ट झाला तर भरायचीच नाही. कायदा १९३४चा. पूर्वी कस्टम्सचे अधिकारी स्वतः झोनमधे बसून माल आत येताना-जाताना बघायचे, १९८६ला नियम नव्याने लिहिले गेले आणि तेव्हापासून हिशेब ऑपरेटरने, म्हणजे झोनमधली जागा चालवणाऱ्या कंपनीने ठेवायचा, बॉण्ड (ड्युटीची हमी) ऑपरेटरने द्यायचा, कस्टम्सने अधूनमधून येऊन तपासायचं असं चालतं. म्हणजे सरकारला अजून न मिळालेला पैसा ऑपरेटरच्या रॅकवर पडून असतो.

आता वर्ष संपलं की काय करायचं? ९० दिवसांत रिकन्सिलिएशन, म्हणजे मालाच्या हिशेबाची जुळवणी तयार करायची, त्यात प्रत्येक लॉट किंवा युनिक आयडेंटिफायरप्रमाणे वर्षाच्या सुरुवातीला किती माल होता, किती आला, किती गेला, ॲडजस्टमेंट किती आणि शेवटी किती उरला. त्यानंतर कामाच्या १० दिवसांत पोर्ट डायरेक्टरला (त्या बंदरावरच्या कस्टम्सच्या प्रमुखाला) एक सहीचं पत्र, की आम्ही हे केलंय, ते बरोबर आहे आणि मागाल तेव्हा दाखवू. मूळ रिपोर्ट मात्र ऑपरेटरकडेच राहतो, कस्टम्सने मागितला तरच द्यायचा!

मी थर्ड पार्टी गोदामांसाठी हे काम करतो आणि ॲडजस्टमेंटच्या कॉलममधे जे जे काही टाकलं जातं ते बघून वाईट वाटतं. हिशेब जुळला नाही की फरकाचा आकडा तिथे टाकायचा आणि पुढे जायचं. ड्युटी दोन-अडीच टक्के होती तोवर ठीक होतं असं एकवेळ म्हणू, पण २०२५पासून टॅरिफ कुठे गेलेत बघा, त्याच शंभर नगांच्या तुटीमागे आता कितीतरी जास्त महसूल अडकलेला असतो. इन्कम टॅक्सचा रिटर्न आपण घरी ठेवून ‘भरलाय, बरोबर आहे’ एवढंच पत्र पाठवतो का?

न्यूवर्ककरीण

बायूकाठचे दादा, कळकळ समजली पण मुद्दा पटला नाही. मी इकडे न्यू जर्सीत झोन ४९मधल्या एका ऑपरेटरकडे कम्प्लायन्स बघते.

पहिली गोष्ट, ते नुसतं पत्र नसतं. रेकॉर्ड कुठे ठेवलंय त्याचा पत्ता, ते कोणाच्या ताब्यात आहे त्याचं नाव, हुद्दा, फोन नंबर सगळं त्यात असतं आणि वर्षअखेरीच्या जुळवणीत जी तूट किंवा जादा माल निघाला त्याचा रिपोर्ट त्या पत्रासोबतच जोडायचा असतो. म्हणजे गडबड असेल तर ती कळवायची सोय नियमात आहे. कोणी कळवत नसेल तर तो खोट्या सहीचा प्रश्न झाला, खोटी सही करणारा माणूस खोटा रिपोर्टसुद्धा अपलोड करेल की.

दुसरी आणि माझ्या मते मोठी गोष्ट. सुरुवातीचा साठा अधिक आवक वजा जावक अधिक-उणे ॲडजस्टमेंट बरोबर शेवटचा साठा, हे गणित नेहमीच जुळतं. तुम्हीच म्हणताय फरकाचा आकडा टाकतात, मग तो टाकलेला रिपोर्ट कस्टम्सने बघितला तर त्यांना काय दिसणार, जुळलेला हिशेबच दिसणार ना. चूक सापडते ती ट्रेसमधे. अधिकारी येतात, एखादा फॉर्म २१४ (ॲडमिशनचा, म्हणजे माल झोनमधे आत घेतानाचा फॉर्म) उचलतात आणि म्हणतात हा माल आत आला तिथून बाहेर जाईपर्यंत दाखवा. नाहीतर उलटं, ही एन्ट्री (माल बाजारात काढतानाची नोंद) झाली, यातला हा नग कुठल्या ॲडमिशनमधून आला ते मागे जाऊन दाखवा. तिथे खरी परीक्षा होते आणि तिथे ॲडजस्टमेंटमागचा कागद नसेल तर लपत नाही.

तिसरं, टॅरिफबद्दल. एप्रिल २०२५पासून रेसिप्रोकल टॅरिफ लागू होणारा माल प्रिव्हिलेज्ड फॉरेन स्टेटसमधेच आत घ्यावा लागला, म्हणजे ॲडमिशनच्या वेळचा दर त्या मालाला चिकटला. आता दर महिन्याला दर बदलत गेले तर एकाच पार्ट नंबरचे तीन-चार थर गोदामात पडलेले, प्रत्येकाचा दर वेगळा. फिफोप्रमाणे आधीचा थर आधी जायला हवा. सिस्टिमने चुकीचा थर उचलला तर नगांचा हिशेब वर्षअखेरीला चोख जुळेल आणि ड्युटी मात्र चुकलेली असेल! ही आजची सगळ्यात महागडी चूक आहे आणि तुमचं सक्तीचं रिकन्सिलिएशन तिला हातसुद्धा लावत नाही, कारण त्यात नग मोजतात, दर मोजत नाहीत.

बायूकाठचा (ह्यूस्टन)

ताई, थरांचा मुद्दा शंभर टक्के मान्य, त्यावर मी वेगळं लिहिणार होतो.

पण गणित जुळतं म्हणून पाठवण्यात अर्थ नाही हे पटत नाही. एका वर्षाचा रिपोर्ट एकटा बघितला तर काही दिसणार नाही हे खरं, पण पाच वर्षांचे शेजारी शेजारी ठेवले तर? एकाच पार्टला दरवर्षी उणे ॲडजस्टमेंट येत असेल तर तिथे चोरी तरी आहे नाहीतर मोजणीचं एकक तरी चुकतंय. अधिकारी प्रत्यक्ष यायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही, आकडे त्यांच्याकडे असतील तर कोणाकडे आधी जायचं हे तरी ठरेल.

आणि १ टक्क्याच्या नियमाचं काय? लगेच कळवायची तूट कुठली, तर लॉटच्या १ टक्का किंवा जास्त, आणि त्यावरची ड्युटी-टॅक्स १०० डॉलर किंवा जास्त. दोन्ही अटी बसल्या तरच. १० हजार नगांच्या लॉटमधे ९० नग गायब झाले तर ते १ टक्क्याच्या खाली, मग ते ९० नग कितीही महाग असोत, त्याच दिवशी कळवायचं बंधन नाही.

न्यूवर्ककरीण

कळवायचं बंधन नाही, नोंदवायचं आहे. प्रत्येक तूट आणि प्रत्येक जादा नग सापडल्याबरोबर सिस्टिममधे नोंदलाच पाहिजे, कळवण्याच्या मर्यादेत बसो न बसो, आणि तो वर्षाच्या रिकन्सिलिएशनमधे आलाच पाहिजे. चोरी असेल, नुसता चोरीचा संशय असेल तरी टक्केवारी न बघता कळवायचं. ते ९० नग ‘गायब’ होत नाहीत, त्यांच्या ड्युटीची जबाबदारी बॉण्डवर राहते. नियम अपुरा नाहीये, पाळणारे अपुरे आहेत.

रात्रपाळी_पुणे

तुम्ही दोघं ज्यावर भांडताय ते आकडे आमच्यासारखे लोक टाकतात म्हणून लिहितोय. मी हिंजवडीत बसून एका अमेरिकन ऑपरेटरच्या आवक-जावकीच्या नोंदी करतो, रात्रपाळी. पाठवा किंवा नका पाठवू, मला विचाराल तर वर्षातून एकदा जुळवणं हीच गोष्ट चुकीची आहे.

बघा ना, जानेवारीतली चूक. वर्ष संपल्यावर ९० दिवस मिळतात, म्हणजे ती पुढच्या वर्षीच्या मार्चमधे सापडणार. तोपर्यंत ज्याने पेटी उघडली तो नोकरी सोडून गेलेला, सप्लायरशी वाद घालायची मुदत संपलेली आणि कागद कोणाच्या तरी मेलमधे. आणि चुका कुठल्या असतात तर अगदी साध्या. पर्चेस ऑर्डर पेट्यांमधे, २१४वर नग, एचटीएसला (अमेरिकेच्या टॅरिफच्या यादीप्रमाणे) रिपोर्ट करायचं एकक किलो. पॅकिंग लिस्टवर लिहिलंय पेटीत २४ आणि आत २० निघाले, गोदामातल्या माणसाने मोजलेच नाहीत, आम्ही इथे २४च्या हिशेबाने पोस्ट केलं. उत्पादन असेल तर आणखीच, बिल ऑफ मटेरियल (एका नगाला कुठला कच्चा माल किती लागतो ती यादी) इंजिनिअरने बदललं आणि आम्हाला कोणी सांगितलंच नाही, मग सिस्टिम जुन्या प्रमाणात कच्चा माल कमी करत राहते, भंगार किती निघालं त्याचा पत्ता नाही. या फरकाला मार्चमधे ॲडजस्टमेंट म्हणतात. दर महिन्याला थोडे थोडे पार्ट मोजले, सायकल काउंट, तर महिन्याभरात कारण सापडतं. मोजणी महत्त्वाची, पाठवणी नंतर.

अजून एक, रेकॉर्ड ५ वर्षं ठेवायचं म्हणतात ते कधीपासून यावर आमच्याकडे नेहमी वाद होतो. माल आला तेव्हापासून नाही, माल झोनमधून बाहेर गेला तेव्हापासून. ३ वर्षं पडून राहिलेल्या स्पेअर पार्टचा आवकीचा कागद ८ वर्षं सांभाळावा लागतो. आणि कंपन्या मधेच ईआरपी (साठ्याचं-हिशेबाचं सॉफ्टवेअर) बदलतात, जुन्या सिस्टिमचं लायसन बंद करतात, ओपनिंग बॅलन्स तेवढा नव्या सिस्टिममधे आणतात. झालं, ट्रेस तुटला. न्यूवर्ककरीण ताई म्हणतात तशी मागे जाऊन दाखवायची वेळ आली तर दाखवणार काय? नवीन सिस्टिम आणली तर प्रोसिजर मॅन्युअल बदलून पोर्ट डायरेक्टरला द्यायचं असतं ते किती जण देतात? आणि काम आमच्याकडे दिलं म्हणून ऑपरेटर सुटत नाही, युजरला (झोनमधे माल ठेवणाऱ्या कंपनीला) किंवा दुसऱ्या कोणाला रेकॉर्ड ठेवायला सांगितलं तरी जबाबदारी ऑपरेटरचीच राहते असं नियमात स्पष्ट आहे. तरी आमच्या ऑफिसात नऊ महिन्यांत एकदाही तिकडून कोणी फोन करून विचारलं नाही की तुम्ही हे आकडे काढता कसे.

सीप्झवाला

आमच्या अंधेरीच्या सीप्झमधून दोन शब्द, इकडचा कायदा वेगळा आहे याची कल्पना आहे. सीप्झ १९७३चं, आता २००५च्या एसईझेड कायद्याखाली. आम्हाला प्रत्येक युनिटला वार्षिक कामगिरीचा रिपोर्ट, एपीआर, डेव्हलपमेंट कमिशनरकडे द्यावाच लागतो, फॉर्म आयमधे, स्वतंत्र सीएच्या सहीने. त्यावरून निव्वळ परकीय चलन कमावलं की नाही ते ५ वर्षांच्या एकत्रित हिशेबाने बघतात.

म्हणून माझं मत बायूकाठच्या बाजूने. द्यायचाच आहे म्हटल्यावर बाहेरचा सीए येतो, प्रश्न विचारतो, दागिने बनवताना होणाऱ्या सोन्याच्या घटीचं रजिस्टर मागतो, मालकालाही सही करायच्या आधी एकदा वाचावं लागतं. तुमच्याकडे स्वतःच करायचं, स्वतःच सही करायची आणि स्वतःच कपाटात ठेवायचं, हे मला फार सैल वाटतं.

न्यूवर्ककरीण

सीप्झवाले, तुमचा एपीआर पैशांचा आहे, किती एक्स्पोर्ट झालं, किती इम्पोर्ट झालं, चलन किती आलं. इथल्या रिकन्सिलिएशनमधे नग असतात. पैशांचा वार्षिक रिपोर्ट आमच्याकडेही आहे आणि तो सक्तीचाच आहे, पण तो कस्टम्सकडे जात नाही, ग्रँटीमार्फत (झोनचा परवाना जिच्या नावावर ती संस्था) एफटीझेड बोर्डाकडे, म्हणजे झोनना परवाना देणाऱ्या सरकारी मंडळाकडे जातो, ३१ मार्चपर्यंत. आणि छोट्या गोदामाला, जिथे सगळं कम्प्लायन्स एकच बाई बघते आणि तीच पेरोलही करते, तिथे आणखी एक स्वतंत्र सर्टिफिकेट म्हणजे झोन बंद करायचं कारण.

ग्रँटीकडचा

तो बोर्डाचा रिपोर्ट गोळा करणारा मी, म्हणून आता राहवत नाही. बहुतेक ठिकाणी ग्रँटी म्हणजे बंदर किंवा सरकारी संस्था, झोनचा परवाना तिच्या नावावर. ऑपरेटर आकडे देतात आणि आम्ही बोर्डाच्या ऑनलाइन सिस्टिममधे भरतो, आत आलेल्या मालाची किंमत देशी किती विदेशी किती, बाजारात किती गेला, एक्स्पोर्ट किती, कामगार किती. यावरून बोर्ड दरवर्षी काँग्रेसला रिपोर्ट देतं. झोन हवेत की नको या वादात दोन्ही बाजू याच आकड्यांचा आधार घेतात, त्यामुळे ते चुकले तर नुकसान सगळ्यांचं.

आणि ते चुकतात. देशी स्टेटसच्या मालाला बहुतेक वेळा ॲडमिशनची परवानगी लागत नाही, त्यामुळे त्याची नोंद आधीच कच्ची, मग कोणी तो विदेशीत धरतो, कोणी धरतच नाही. एका झोनमधून दुसऱ्यात गेलेला माल एक्स्पोर्टच्या खाली घातलेला मी पाहिलाय. बोर्डाचं वर्ष कॅलेंडरचं, ऑपरेटरचं झोन वर्ष वेगळं असू शकतं, इकडे डॉलर, तिकडे नग. एकाच गोदामाचे हे दोन हिशेब समोरासमोर ठेवून बघणारा कोणी नाही. कस्टम्सचा माणूस बोर्डाचा रिपोर्ट बघत नाही, बोर्डाला रिकन्सिलिएशन दिसत नाही.

म्हणून मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. वार्षिक सिस्टिम रिव्ह्यू नावाचं कलम याच नियमांत रिकन्सिलिएशनच्या लगेच पुढे आहे, ऑपरेटरने दरवर्षी स्वतःची इन्व्हेंटरी सिस्टिम तपासायची आणि दोष सापडला तर तो आणि केलेली दुरुस्ती पोर्ट डायरेक्टरला कळवायची. पुण्याच्या मित्राने सांगितलेल्या सगळ्या गोष्टी, एकक, बिल ऑफ मटेरियल, बदललेला ईआरपी, चुकीचा थर, या तिथे पकडायच्या. आणि लोक काय करतात, गेल्या वर्षीची चेकलिस्ट उघडतात, तारीख बदलतात, ‘दोष आढळला नाही’. नवी सक्ती आणायच्या आधी हे खरंखुरं करायला लावा, त्यात बोर्डाचे आकडे आणि नगांचा हिशेब ताडून बघायची एक पायरी घाला.

बायूकाठचा (ह्यूस्टन)

रिव्ह्यूचं मान्य, ताडून बघायचं तर फारच मान्य. पण तोही ऑपरेटरने स्वतःच करायचा आणि दोष नाही म्हटलं की विषय संपला, म्हणजे फिरून तिथेच आलो. बरं, मी माझी मागणी कमी करतो. अख्खा रिपोर्ट नको. फक्त पार्टप्रमाणे ॲडजस्टमेंट आणि प्रत्येकीचं कारण, एवढीच यादी पत्रासोबत सक्तीची करा. छोट्या गोदामाला ते एका दुपारचं काम आहे, कारण खरं असेल तर.

रात्रपाळी_पुणे

कारणाची यादी चालेल. फक्त ती दर महिन्याला भरलेली असावी, मार्चमधे बसून आठवलेली नको.

न्यूवर्ककरीण

कारणासकट यादी असेल तर मी विरोध कमी करेन, मागे घेणार नाही. त्या यादीत ‘मोजणीतला फरक’ हे कारण चालणार की नाही ते आधी ठरवा. ते चालणार असेल तर ९० टक्के ओळींवर तेच येईल आणि तुम्ही पाच वर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवलेत तरी हाताला काही लागणार नाही. चालणार नसेल तर प्रत्येक फरकामागे पेटी, तारीख आणि माणूस शोधावा लागेल, आणि ते शोधायला जो पगार लागतो तो कोण मंजूर करतं ते तुमच्या ह्यूस्टनच्या गोदामवाल्यांना विचारून इथे लिहा, मी माझ्याकडे विचारते.