शब्दचर्चा : कॉर्नरबॅकचा ‘वचक’

बाबा तरुणपणी सांगलीकडे कबड्डी खेळायचे, उजव्या कोपऱ्यावर. गेल्या रविवारी मी न्यू जर्सीहून फोनवर त्यांना अमेरिकन फुटबॉलमधला कॉर्नरबॅक समजावत होतो, म्हणजे चेंडू झेलायला धावणाऱ्या रिसीव्हरला मैदानाच्या कडेला रोखणारा बचावपटू. ‘तुमच्यासारखाच कोपरारक्षक’ असं म्हणालो आणि त्यांनी लगेच विचारलं, ‘मग त्याने पकडी किती केल्या?’ तिथे माझी गाडी अडली. कॉर्नरबॅकच्या नावावर पकडी खूप असतील, तर बऱ्याचदा त्याच्या समोरच्या रिसीव्हरने चेंडू झेललेला असतो आणि मग याने त्याला पाडलेलं असतं. म्हणजे मूळ काम आधीच फसलेलं.

मग मी इंटरसेप्शनकडे वळलो. क्वार्टरबॅकने, म्हणजे फेकी करणाऱ्या मुख्य खेळाडूने, आपल्या माणसाकडे फेकलेला चेंडू बचाव करणाऱ्याने मधेच झेलायचा. हे बाबांना पटलं, पण घोळ वाढला. ओकलंड रेडर्सच्या नामदी असोमुआने २००६ साली असे आठ झेल घेतले, तरी त्याला प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्याचं बोलावणं आलं नाही. २००८ साली त्याचा एकच झेल होता आणि तो एनएफएल या अमेरिकी लीगच्या पहिल्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. बाबा म्हणाले, ‘आठावरून एकावर आला, मग खेळ घसरला की!’ घसरला नव्हता. त्याच्या बाजूला चेंडू फेकायलाच क्वार्टरबॅक कचरत होते.

या गोष्टीला मराठीत काय म्हणावं, हे मी दोन दिवस घोळवतोय. ‘धाक’ मला घरातला, शाळेतला वाटतो. वडीलधाऱ्यांचा असतो तो. ‘दरारा’ नावाचा असतो, माणूस समोर नसतानाही पसरतो. ‘जरब’ आवाजात, नजरेत असते. ‘वचक’ मात्र दुसऱ्याच्या वागण्यातून कळतो. ‘गुंडांवर पोलिसांचा वचक उरला नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा पोलीस कसे दिसतात हा मुद्दा नसतो, गुंड काय करायला धजतात हा असतो. कॉर्नरबॅकचं अगदी हेच आहे. त्याची कामगिरी क्वार्टरबॅकच्या निर्णयात दिसते. म्हणून मी ‘वचक’ सुचवतो. इतरांना काय वाटतं?

प्रतिसाद

वचक चांगला आहे, पण त्याआधी कव्हरेजचे, म्हणजे रिसीव्हरला रोखण्याचे, दोन शब्द वेगळे करा, नाहीतर मोजणार काय? एका ठरलेल्या रिसीव्हरच्या मागे लागणं म्हणजे ‘पाळत’. मैदानाचा एक तुकडा सांभाळणं म्हणजे ‘राखण’. पाळत माणसावर असते, राखण शेताची असते. न्यू यॉर्क जेट्सचा डॅरेल रेव्हिस पाळतीचा राजा होता. समोरच्या संघातला सगळ्यात भारी रिसीव्हर जिथे जाईल तिथे हा. सिअ‍ॅटलचा रिचर्ड शर्मन बहुतेक वेळ डावी बाजू राखायचा, आणि त्यावरून त्याला बोलणीही खावी लागली. मला ती टीका अन्यायाची वाटते. राखणदाराला ‘तू चोराच्या मागे गावभर का फिरला नाहीस’ असं कोणी विचारत नाही.

झेलांसाठी क्रिकेटचं ‘टिपणे’ आयतंच आहे. आणि चेंडू हाताने नुसता उडवून लावला तर ‘उधळणे’, जसा डाव उधळतात. जानेवारी २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध शेवटच्या क्षणी मायकेल क्रॅबट्रीकडे आलेली फेक शर्मनने उधळली, आणि तो उडालेला चेंडू त्याचा सहकारी माल्कम स्मिथने टिपला. कागदावर झेल स्मिथचा. सामना वाचवला कोणी, हे पाहणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रतिसाद

एक शंका. दुसऱ्या कोपऱ्यावर कच्चा लिंबू उभा असेल, तर सगळ्या फेकी तिकडेच जाणार. मग या बाजूला चेंडू येत नाही, याला वचक म्हणायचं का? की शेजाऱ्याच्या कच्चेपणाचा फायदा? शिवाय आपला बचाव क्वार्टरबॅकला दोन सेकंदांत गाठत असेल, तर कोपऱ्यावरचा माणूस आपोआप चांगला दिसतो. मी तर साधं बघतो : याच्याकडे फेकलं तेव्हा क्वार्टरबॅकचं रेटिंग, म्हणजे फेकींच्या कामगिरीचा गुणांक, किती होतं. प्रत्येक चेंडू जमिनीवर आपटला तरी रेटिंग ३९.६ भरतं. कॉर्नरबॅकने समोरच्याला त्याच्याही खाली नेलं, तर आणखी काय हवं?

धागाकर्ता

कच्च्या लिंबाचा मुद्दा मान्य. फेकी कमी आल्या एवढ्यावरून वचक सिद्ध होत नाही, समोर कोण होता हेही पाहावं लागतं. म्हणून रेव्हिसचा २००९ चा मोसम मला इतका मोलाचा वाटतो. पहिल्याच सामन्यात ह्यूस्टनचा रिसीव्हर आंद्रे जॉन्सन ३५ यार्डांवर (झेलांतून संघाला मिळवून दिलेलं अंतर) थांबला, पुढच्या सामन्यात रँडी मॉस २४ वर. जॉन्सन त्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिक यार्ड मिळवणारा रिसीव्हर ठरला, तोच हा. असे गडी गप्प बसतात तेव्हा शेजाऱ्याचं श्रेय काढता येत नाही.

रेटिंगबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ते फक्त आलेल्या फेकी धरतं. न आलेली फेक त्यात शून्यही नसते, ती नसतेच. एक हिशेब मांडतो, आकडे समजुतीपुरते. दोघांनीही तीस तीस वेळा पाळत ठेवली. पहिल्याकडे ३ फेकी, एकूण ३० यार्ड. दुसऱ्याकडे १० फेकी, ६० यार्ड. दर फेकीमागे पाहिलं तर पहिल्याने १० यार्ड दिले, दुसऱ्याने ६. दुसरा सरस! दर पाळतीमागे पाहिलं तर पहिल्याने १, दुसऱ्याने २. आता पहिला सरस. वचक छेदात लपलेला असतो. छेद चुकला की तो नाहीसा होतो.

‘यार्ड दिले’ हेही जपून म्हणायला हवं. गोलंदाजाने धावा दिल्या हे ठीक, कारण चेंडू त्यानेच टाकलेला असतो. राखणीत दोघांच्या हद्दींमधून चेंडू गेला तर तो कोणी दिला? आणि चेंडू हवेत असताना रिसीव्हरला ओढल्याबद्दल दंड झाला, तर चेंडू थेट त्या जागी नेऊन ठेवतात. चाळीस यार्ड गेले तरी ते रिसीव्हरच्या खात्यात नसतात, म्हणून कॉर्नरबॅकच्याही नाहीत. दंड वेगळा मोजलाच पाहिजे.

प्रतिसाद

पण टिपणाऱ्यांना इतकं खाली ढकलू नका. डिक लेनने १९५२ साली, पहिल्याच मोसमात, बारा सामन्यांत १४ फेकी टिपल्या. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. डॅलसच्या ट्रेव्हॉन डिग्जने २०२१ मध्ये ११ टिपल्या. चेंडू आपल्या संघाच्या हातात आला, याहून ठोस काय?

धागाकर्ता

ठोस आहेच. डिग्जचा तो मोसम बघताना मीही खुर्चीतून उठायचो. पण त्याच मोसमात त्याच्या बाजूने हजाराहून जास्त यार्ड गेल्याचं प्रो फुटबॉल फोकस या आकडेवारी ठेवणाऱ्या कंपनीच्या मोजणीत आहे. अकरा वेळा हात पोळले तरी क्वार्टरबॅक त्याच्याकडे फेकत राहिले. तो टिपण्यात पटाईत होता. वचक बसला नव्हता. दोन्ही गुण खरे, म्हणून शब्दही दोन हवेत.

प्रतिसाद

रेव्हिसच्या बाजूला तिकडे ‘रेव्हिसचं बेट’ म्हणायचे ना? मराठीत मी म्हणेन, रिसीव्हर वाळीत पडला. मैदानावर आहे, धावतोय, पण कोणी त्याच्याशी व्यवहार ठेवत नाही.

धागाकर्ता

वाळीत पडणं सुरेख! रिसीव्हरच्या बाजूने तोच शब्द. कॉर्नरबॅकच्या बाजूने वचक, आणि क्वार्टरबॅकसाठी त्याचंच क्रियापद आहे की : वचकणे. वचक बसतो, राहतो, ठेवता येतो. पण ‘वचक केला’ किंवा ‘दिला’ असं होत नाही, हे मला फार आवडलं. काल बाबांना पुन्हा फोन केला आणि एवढंच सांगितलं : ‘२०१० साली रेव्हिसने एकही फेक टिपली नाही. क्वार्टरबॅक त्याला वचकून होते. पहिल्या सर्वोत्तम संघात त्याचं नाव होतंच.’ बाबा म्हणाले, ‘हां, आमच्या वेळी चढाई करणारे माझ्या कोपऱ्याकडे यायचेच नाहीत.’