जुनी आणि नवी बॅटरी पॅरलल जोडली तर चालेल का?

वस्तीवरून, पारनेर
राम राम मंडळी. शेतातल्या वस्तीवर छोटा सोलर बसवलाय. १२ व्होल्टचे १६५ वॅटवाले दोन पॅनेल पॅरललमध्ये, २० अँपिअरचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेलवरून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा), ७०० वॅटचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत मावतं तेवढं) एक ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटरी, यंदाच घेतलेली. रात्री दोन साधे पंखे, चार एलईडी, राउटर आणि गोठ्यावरचा कॅमेरा. पहाटे तीनच्या सुमारास इन्व्हर्टर बोंबलायला लागतो. मेहुणे म्हणतात, "चार वर्षांची १५० एएच आमच्याकडं पडूनच आहे. प्लसला प्लस, मायनसला मायनस जोड, दुप्पट चालेल." पाव्हण्यांना नाही म्हणणं अवघड. जोडू का?

बॅटरीवाले काका
नका जोडू. आणि खरं सांगू का, तुमची बॅटरी कमी पडतच नाहीये.

हिशोब करा. साधा पंखा ७५ वॅट. दोन पंखे आठ तास म्हणजे १२०० वॅट-तास. इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून बॅटरीतून ११५-१२० एएच नुसते पंख्यांनाच गेले. पॅनेल भर उन्हात देणार १८ अँपिअर, पाच तास धरले तर ९०. रोज ९० भरायचे आणि त्याहून जास्त उपसायचे! बॅटरी कधी फुल होतच नसणार. दुसरी लावली तर दोन्ही अर्धपोटी राहतील, आणि अर्धपोटी राहिलेल्या लेड-ॲसिडच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. नवीसुद्धा वर्ष-दोन वर्षांत बसेल.

जुनीचा धोका वेगळाच. पडून राहिलेल्या बॅटरीचा एखादा सेल शॉर्ट झाला, तर तिचा व्होल्टेज साडेदहाच्या आसपास येतो. मग शेजारची भरलेली बॅटरी सगळा करंट तिच्यात ओतते. तारा तापतात, गॅस सुटतो. पाव्हण्यांचा मान राखायचा तर बॅटरी आणा, फुल चार्ज करा, एक दिवस तशीच ठेवा आणि सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडचा दाटपणा, हायड्रोमीटरने बघा. १२४० च्या आसपास सगळे सारखे असतील तर तिच्यावर गोठ्याचे दिवे वेगळे चालवा. एक जरी सेल खाली दिसला तर भंगारात द्या, शिसं आहे, पैसे मिळतात.

चोवीसवाला
मी म्हणतो, सिरीज करून, म्हणजे एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडून, २४ व्होल्टच करा. करंट निम्मा होतो, तारेतला लॉसही कमी.

बॅटरीवाले काका
बरोबर, पण एकाच दिवशी घेतलेल्या दोन नव्या असतील तर. सिरीजमध्ये कमकुवत बॅटरी आधी रिकामी होते आणि तिच्यातून उलटा करंट ढकलला जातो, म्हणजे जुन्या-नव्याची जोडी तिथं आणखी वाईट. शिवाय इन्व्हर्टर बदलावा लागेल. ते पैसे पंख्यात घाला. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, २८-३० वॅटवर फिरतो. दोन्ही बदलले की १२०० चे ४८० होतील.

वस्तीवरून, पारनेर
काका, पंख्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. पुढं कधी दोन नव्या घेतल्या तर जोडायच्या कशा? आमचा वायरमन दोन्ही वायरी पहिल्याच बॅटरीवरून काढतो म्हणतो.

बॅटरीवाले काका
तसं केलं तर पहिलीच राबते, दुसरी आरामात. इन्व्हर्टरचा प्लस पहिल्या बॅटरीवरून घ्या, मायनस दुसरीवरून. तिरपं जोडायचं, म्हणजे दोघींच्या वाटेला तार सारखी येते. तार तांब्याची, २५ स्क्वेअर एमएम, टोकाचे लग नीट क्रिम्प केलेले (दाबून बसवलेले). पिळून टेप मारलेली जोडणी अजिबात नको. जोडण्याआधी दोन्ही वेगवेगळ्या फुल चार्ज करा आणि मीटरवर व्होल्टेज सारखा आला की मगच जोडा. प्रत्येकीच्या प्लसला स्वतंत्र १०० अँपिअरचा डीसी फ्यूज. घरातल्या बोर्डाचा एसीचा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) तिथं लावू नका, डीसीची ठिणगी त्यानं तुटेलच असं नाही.

आणि तोवर पॅनेलही वाढवावे लागतील. ३०० एएचला ३० अँपिअर तरी चार्जिंग हवं, तुमचा कंट्रोलर २० चाच आहे.

वस्तीवरून, पारनेर
समजलं. आधी पंखे बघतो. मेहुण्यांना हायड्रोमीटर घेऊनच या म्हणून सांगितलंय.