डेकल लावलं की खाली चांदी दिसते, वर बारके पार्ट गायब होतात

लोहगाव_७२:
मंडळी, १/७२ मापाचं सुखोई-३० एमकेआय लढाऊ विमानाचं प्लॅस्टिक मॉडेल करतोय. २००२ साली हे विमान हवाई दलात पहिल्यांदा आलं तेच आमच्या पुण्यातल्या लोहगावला, त्यामुळे करायचं तर हेच. ग्रे मॅट रंग मस्त बसला पण त्यावर डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं पातळ चित्र) लावलं की वाळल्यावर कडेची पारदर्शक फिल्म चांदीसारखी चमकते, लांबूनही कळतं की स्टिकर चिकटवलाय. पाणी, ब्रश, कॉटन बड सगळं व्हिडिओत दाखवतात तसंच केलंय. आणि पार्ट कसे ठेवता तुम्ही? एका डब्यात सगळं टाकलंय, आता कुठला तुकडा कुठला काही पत्ता नाही.

पेठेतला_एअरब्रश:
डेकल चांगलंय रे, घोळ मॅट रंगाचा आहे. मॅट पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो, फिल्मखाली हवा अडकते आणि तीच चमकते. आधी ग्लॉस क्लिअरचा (चकचकीत पारदर्शक रंगाचा) हात मार, पूर्ण वाळू दे, मग डेकल, मग परत ग्लॉस आणि सगळ्यात शेवटी मॅट. फक्त आत्ता पावसात स्प्रे कॅन मारू नकोस, सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि पांढरट धुकं येतं. उघडीप बघून दुपारी मार.

कोथरूड_हँगर:
+१. आणि मायक्रो सेट, मायक्रो सोल ही डेकल बसवायची दोन द्रावणं घे. निळं लेबल सेट, ते डेकलच्या आधी पृष्ठभागावर लावायचं. लाल लेबल सोल, ते डेकल जागेवर बसल्यावर वरून. सोल लागलं की डेकल सुरकुततं, बघून पोटात गोळा येतो पण तेव्हा हात लावायचा नाही म्हणजे नाही, कारण ते मऊ पडलेलं असतं, ब्रश टेकला तरी फाटतं. तासाभरात आपोआप पॅनल लाइनमध्ये (पत्र्यांच्या जोडाच्या कोरलेल्या रेघांत) जाऊन बसतं.

लोहगाव_७२:
आधीच लावलेल्यांचं काय? पंखांवरचे दोन्ही राउंडेल (हवाई दलाची गोल चिन्हं) चमकतायत, जादा डेकल नाहीत माझ्याकडे.

कोथरूड_हँगर:
बारीक सुईनं चमकतंय तिथे टोच आणि वर सोल सोड, रात्रभर ठेव. गरज पडली तर परत कर. शंभर टक्के जाईल असं नाही, पण बरंच दबतं.

अप्पा_स्प्रू:
पार्टचं मी सांगतो. मुळात स्प्रूवरून (पार्ट ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरून) आधी कापूनच ठेवायचे नाहीत!! नंबर स्प्रूवरच छापलेला असतो, तो गेला की बसा जिगसॉ खेळत. लागेल तेवढंच काप. जे कापलंच आहे त्यासाठी बोहरी आळीत कप्प्यांचे प्लॅस्टिकचे डबे मिळतात, एका कप्प्यात कॉकपिट, एकात लँडिंग गिअर, एकात मिसाइल, आणि मास्किंग टेपवर पार्ट नंबर लिहून झाकणाला लाव. कॅनोपी (कॉकपिटवरची पारदर्शक काच) मात्र वेगळ्या झिप पाऊचमध्ये, इतर तुकड्यांना घासली तर चरे पडतात. आणि कॅनोपीच्या आसपास फेविक्विक नको, वाफेनं काच पांढरी होते. चिमट्यातून उडालेला तुकडा शोधायला व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडाला जुना पायमोजा बांध. केरसुणी फिरवायच्या आधी बरं का, नंतर काही उपयोग नाही.

लोहगाव_७२:
केरसुणी सकाळीच फिरली काका 😅 पिटॉट ट्यूब (नाकावरची बारीक नळी) गेली बहुतेक.

अप्पा_स्प्रू:
मग इंजेक्शनची बारीक सुई घे, टोक घासून बोथट कर आणि मापात कापून लाव. प्लॅस्टिकच्यापेक्षा बारीक आणि सरळ दिसते. नाकात भोक मात्र पिन व्हाइसनं (हातानं फिरवायच्या छोट्या ड्रिलनं) पाड, तापवलेल्या सुईनं नको.